उकळी न आलेला प्याला

माझ्या आत्यावर अन्याय झाला तो गेल्या वर्षीच्या पवित्र आठवड्यातल्या गुरुवारी, चर्चमधल्या संध्याकाळच्या उपासनेत, भाकर वाटून झाल्यावर, प्याल्यांचं ताट बायकांच्या बाजूच्या तिसऱ्या बाकावरून चौथ्यावर आलं तेव्हा. वेळ एवढी नेमकी सांगते, कारण नंतर सगळ्यांनी ती पुसट करून टाकली. कोणी म्हणतं ईस्टरच्या आसपास काहीतरी झालं. कोणी म्हणतं तिचं जुनंच होतं. जुनं काही नव्हतं. गुरुवार होता, अकोल्याचा उन्हाळा होता, पंखे गरम हवाच इकडून तिकडे करत होते, आणि मी तिच्या डाव्या हाताला बसले होते.

ताट आलं. आत्यानं त्यातला एक छोटा काचेचा पेला उचलला, तोंडाजवळ नेला, थांबली, आणि परत ताटात ठेवला. मग ताट माझ्याकडे सरकवलं. मी माझा पेला घेतला आणि प्यायले.

एवढंच झालं. पण आमच्या मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चच्या लोकांत, एवढं पुरतं. प्रभुभोजनाआधी, म्हणजे ही भाकर आणि हा प्याला घेण्याआधी, माणसानं स्वतःला तपासावं, अयोग्य रीतीनं खाणारा-पिणारा स्वतःवर दंड ओढवून घेतो, असं प्रेषित पौलानं एका पत्रात सांगितलंय. त्यावरून आमच्याकडे रीत पडली की ज्याच्या मनात कबूल न केलेलं पाप आहे त्यानं ताट गपचूप पुढं जाऊ द्यावं. हा नियम कोणी लिहिलेला नाही, पण पोराबाळांनाही ठाऊक आहे. त्यामुळे ताट फिरतं तेव्हा सगळ्यांचे डोळे मिटलेले असतात, फक्त असे मिटलेले की पापणीखालून मागचे-पुढचे दोन बाक दिसावेत.

त्या संध्याकाळी सगळ्यांना दिसलं. अकरा महिन्यांपूर्वी जिनं मंडळीसमोर उभं राहून दारूची कबुली दिली होती, तिनं प्याला परत ठेवला. अर्थ लावायला कोणाला वेळ लागला नाही.

आत्या माझ्या बाबांची थोरली बहीण. नर्स होती, आता निवृत्त आहे. लग्न केलं नाही. माझी आई मी लहान असताना गेली, बाबांची नोकरी बाहेरगावी, म्हणून चौथीपासून बारावीपर्यंत मी तिच्याकडे जुन्या शहरात, दोन खोल्यांच्या घरात वाढले. ती प्यायची. ड्युटीवर कधीच नाही. सुट्टीच्या दिवशी, आतल्या खोलीत, स्टीलच्या ग्लासात, भिंतीकडे तोंड करून. मला कळलं तेव्हा मी आठवीत होते. मी ओरडले नाही, रडले नाही, बोलणं बंद केलं. पुढची चार-पाच वर्षं त्या दोन खोल्यांत आम्ही दोघी मीठ कुठं आहे आणि पाणी आलं का, एवढंच बोलत होतो. ती डबा भरून द्यायची, मी तो उचलायचे. वर्गातल्या मुली घरी येतो म्हणाल्या की मी काहीतरी कारण सांगायचे. एकटं राहायला मी तिथंच शिकले, तिनं समोर बसून शिकवलं.

मग अमरावतीला आले आणि व्यसनमुक्तीच्या कामाला लागले. पत्रकं लिहायची, वाटायची, चौकात माईक घेऊन बोलायचं. मला ते जमलं. राग माझ्याकडे भरपूर होता आणि पत्रकाला राग लागतो. छोटं वाक्य, ठळक अक्षर, वाचणाऱ्याच्या छातीवर बोट. माझं एक वाक्य आमच्या सगळ्या पत्रकांवर छापलं जायचं: व्यसनी माणसाचा नकार म्हणजे अर्धी कबुली. ते मी आत्याला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं होतं. लोकांना आवडलं. रिक्षाच्या मागं चिकटवलेलंसुद्धा मी पाहिलंय.

आत्यानं दारू सोडली ती माझ्या पत्रकामुळे नाही. का सोडली ते तिनं कधी सांगितलं नाही. एका रविवारी साक्षीच्या वेळी, लोक उभं राहून आपला अनुभव सांगतात तेव्हा, उठली, पुढं गेली आणि म्हणाली, "मी बावीस वर्सं पिली. कोणाले माईत नोतं. आता सांगून राहिली, कारण एकटीनं नाई सुटत." मंडळी रडली. गीत झालं. बायकांनी तिला मिठ्या मारल्या. मी अमरावतीहून मुद्दाम गेले होते, मीही रडले. त्या दिवशी दुपारी आम्ही दोघी कितीतरी वर्षांनी एका ताटात जेवलो.

पुढच्याच महिन्यात तिच्याकडून मनुकांचं काम काढून घेतलं.

हे समजून घ्या, कारण सगळं इथंच अडलंय. आमच्या मंडळीत प्रभुभोजनाच्या प्याल्यात दारूचा थेंब चालत नाही. शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, द्राक्षारस म्हणजे द्राक्षांची दारूच आहे, पण बाकांवर कोण कोण बसलेलं असतं हे जुन्या लोकांना ठाऊक होतं, म्हणून त्यांनी मनुकांचा रस सुरू केला. माझ्या आठवणीत तरी तो कायम आत्याच करायची. आदल्या संध्याकाळी काळ्या मनुका धुऊन भिजवायच्या, दुसऱ्या दिवशी दुपारी हातानं चुरून फडक्यातून गाळायच्या, आणि मग तो रस पातेल्यात घालून खळखळून उकळी येईपर्यंत ढवळायचा. उकळीवर तिचा फार जोर. मला शेजारी उभं करून सांगायची, "उकळी नाई आली तं हा रस नाई, दारूची सुरुवात हाय. एप्रिलमधी अकोल्यात साधं पाणीबी आंबते." पिणारी बाई अख्ख्या मंडळीसाठी न चढणारा प्याला करत होती, आणि त्या पातेल्याला तिनं कधी दगा दिला नाही.

कबुली दिल्यावर मात्र मंडळीला तिचे हात चालेनात. कोणी तोंडावर बोललं नाही. मंडळीचा कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठांना आमच्याकडे वडील म्हणतात; त्यांच्यातल्या सेक्रेटरींनी एवढंच सांगितलं, "बाई, तुमचं वय झालं, आता तरुणांनी करू द्या." आणि काम त्यांच्या सुनेकडे गेलं. पोरगी नवी, यवतमाळकडची, घाबरट. तिला कोणी शिकवलं नाही, आणि शिकवू शकणाऱ्या एकमेव बाईला विचारायची सगळ्यांना लाज वाटली.

तर तो गुरुवार. उपासना संपली, आम्ही ऑटोनं मोर्णा नदीच्या पुलावरून घरी आलो. पुलावर मी विचारलं.

"पेला काहून ठेवला?"

"आंबला होता."

"काय आंबलं?"

"रस, दुसरं काय. दोन-तीन दिवस भिजत ठेवला असन तिनं, अन् उकळलाच नाई. फेस होता वरतं. तुले नाई समजलं?"

"नाही. मला काही जाणवलं नाही."

"तुले कशी समजीन. तू कधी पिलीच नाई. नाकाले शिकवा लागते," ती म्हणाली आणि हसली. मग ऑटोवाल्याला म्हणाली, "दादा, हळू घे, गचके बसून राहिले."

मी खोटं बोलले होते. माझ्या जिभेच्या टोकाला चरचर झाली होती, सोड्यासारखी. वासही आला होता, त्या स्टीलच्या ग्लासाचा, आठवीतला. मला कळलं होतं. पण मला वाटलं, मी जर आता हो म्हणाले तर ती उद्या कशालाही आंबलं म्हणेल. मी या कामातली. मला माहीत होतं की पिणारा माणूस कारणं कशी तयार करतो. एका थेंबानं अकरा महिन्यांची गाठ सुटते हेही मला माहीत होतं, मीच ते छापत होते. ज्या बाईनं नेमकं माझ्या पत्रकातलं केलं, वास येताच पेला खाली ठेवला, तिच्यावरच मी विश्वास ठेवला नाही.

ईस्टर झाल्यावरच्या रविवारी उपासनेनंतर तिला वेदीमागच्या खोलीत बोलावलं. पाळकसाहेब, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, होते, नवे, बदलीवर आलेले, टेबलाची कड नखानं खरवडत बसलेले. सेक्रेटरी होते, ज्यांनी मला संडे स्कूलमध्ये दहा आज्ञा पाठ करून घेतल्या. आणखी दोन वडील होते, ते सगळा वेळ मान हलवत होते. मला आत्याची नातेवाईक म्हणून बोलावलं, आणि या कामातली जाणकार म्हणूनही.

"बाई, खरं सांगा. त्या दिवशी घेतली होती काय?" सेक्रेटरींनी विचारलं.

"नाई."

"मग ताट काहून जाऊ दिलं?"

आत्या त्यांच्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "नाई घ्यावं वाटलं."

"असं कसं? प्रभूचा प्याला आहे तो. कोणी बळजबरी तर केली नव्हती नाही म्हणायला?"

"नाई केली."

"हे पाहा, तुम्ही आमच्या घरातल्या. कोणी तुम्हाला टाकून देत नाही. एक शब्द बोला, चूक झाली, बस्स. क्षमा तयार आहे. पुढच्या महिन्यात ताट तुमच्यापुढं येईल."

"सर," ती त्यांना सरच म्हणायची, "न केलेल्या पापाची क्षमा घेऊन बसली, तं केलेल्यायची कोणाकडं मागू?"

पाळकसाहेबांचं नख थांबलं. मग सेक्रेटरी माझ्याकडे वळले. "बेटा, तू शिकलेली. रोज हेच पाहतेस. तुझं मत काय?"

मला फक्त म्हणायचं होतं, रस आंबला होता. तीन शब्द पुरले असते. पण समोर त्यांचा चेहरा होता, त्यांच्या घरातून तो रस आला होता, आणि मला सगळ्यांत वाईट वाटलं असतं ते माझी जाणकारी गेल्याचं. मी म्हणाले, "नकार हा या आजाराचाच भाग असतो."

आत्यानं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. नर्स थर्मामीटर बघते तसं पाहिलं, आकडा वाचला आणि नजर काढली.

कबुली होईपर्यंत तिला शिस्तीखाली ठेवायचं ठरलं. शिस्तीखाली म्हणजे मंडळीत यायचं, शेवटच्या बाकावर बसायचं, प्रभुभोजन नाही, साक्ष नाही, पुढं येऊन प्रार्थना नाही. क्षमेचं दार उघडं, असं त्यांनी कागदावर लिहिलं.

घरी आल्यावर मी चिडून विचारलं, "तू त्यांना रसाचं काहून नाही सांगितलं?"

"अन् त्या पोरीचं काय झालं असतं?" ती कांदा चिरत होती. "सासरा समोर बसून होता. तिले घरात आधीच कमी बोलणे हायेत का? दारू पाजली म्हणतीन मंडळीले. जलमभर ऐकन ती. मले काय, मले सवय हाय."

"मग मला तरी सांगायचं बोल म्हणून."

"तुले कायले सांगू? तुले जीभ हाय ना तुई." चाकू थांबला नाही.

तिला माहीत होतं. पुलावरच माहीत झालं होतं.

मी अमरावतीला परतले. मला वाटायचं एकटेपणा म्हणजे कोणी जवळ नसणं. तसा नव्हता तो. खोलीत दोन मैत्रिणी राहायच्या, फोन यायचे, दिवसभर माणसांत असायचे. पण मला कोणी काही बरं बोललं, की मनात यायचं, याला ती गोष्ट माहीत नाही. रविवारी मी अमरावतीतल्या मंडळीत जायचे आणि भिंतीकडच्या टोकाला बसायचे. ताट आलं की घ्यायचे. दर वेळी घेतलं. पाप कबूल न केलेली मी, आणि ताट मला कोणी कधीच नाकारलं नाही. कारण माझं पाप कोणाला वासानं कळण्यासारखं नव्हतं.

एकदा नांदगाव पेठच्या कापड कारखान्यांच्या गेटवर आम्ही पत्रकं वाटत होतो. पाळी सुटायची वेळ. एक बाई पत्रक घेऊन तिथंच उभी राहिली, पुढून वाचलं, उलटवून मागून वाचलं. मग मला म्हणाली, "ताई, हे सुटलेल्या माणसाचं झालं. सुटून पुन्हा लागली तं काय कराचं, ते कोठी लिहलं?"

मी म्हटलं, आमच्या केंद्रात या.

"माया नवरा दोन डाव येऊन गेला," ती म्हणाली. "तिसऱ्यांदा याची लाज वाटते त्याले. तुमीच लिहलं ना खालतं, एकदा सुटला की सुटला." पत्रक तिनं नीट घडी करून मला परत दिलं.

त्या आठवड्यात मी शास्त्र उघडलं. तोवर मी ते पत्रकवाल्यासारखं वाचायचे, एक ओळ उचलायची, ठळक करायची, पुढं जायचं. आता पानंच्या पानं वाचली, आणि मला राग आला, कारण तिथं जे आहे ते आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. योहानाच्या एकाच पत्रात सुरुवातीला लिहिलंय की आमच्यात पाप नाही असं म्हणणारा स्वतःला फसवतो, कबूल करा, क्षमा मिळेल. थोडी पानं उलटा, तोच माणूस लिहितो की देवापासून जन्मलेला पाप करत राहत नाही. दोन्ही तिथंच आहे, एकाच हातचं. पाप करणारा पापाचा गुलाम आहे, हेही येशूनं सांगितलं, आणि पुत्रानं सोडवलं तर तुम्ही खरेच सुटाल, हेही. आमच्या मंडळ्यांनी त्यातला दुसरा भाग घेतला आणि त्याचं सर्टिफिकेट केलं. सुटलात ना, मग सही करा. पुन्हा पडलात तर पहिली सही खोटी. आणि सातदा क्षमा करू का असं विचारणाऱ्याला सत्तर वेळा सात हे उत्तर देणारा जो होता, त्याला माणूस पुन्हा पुन्हा पडतो हे पक्कं ठाऊक असल्याशिवाय त्यानं ते सांगितलं असतं का?

पोळ्याच्या दिवशी दुपारी आत्याचा फोन आला.

"आज पिली मी," ती म्हणाली. "अर्धा गिलास. बाकीची मोरीत ओतली."

बाहेर कोणाचे तरी बैल वाजत-गाजत चालले होते, तिच्याही बाजूनं तोच आवाज येत होता.

"हाय का तू?"

"आहे."

"सक्काळपासून पौल वाचून राहिली होती. रोमच्या मंडळीले लिहलेलं पत्र. सहाव्या अध्यायात म्हणते, पापाचे गुलाम होते, आता सुटले. बरं. सातव्यात त्याच माणसाचं रडणं पाय. म्हणते, जे कराचं वाटते ते होत नाई, जे नोको तेच हातून होते, मले कोण सोडवीन. सुटला होता ना, मंग रडते काहून? अन् आठव्यात पुन्हा म्हणते, आता दंड नाई. मी सातव्यात हाय, पोरी. आपली मंडळी सहाव्यातच थांबली, पान उलटवतच नाई."

"आत्या, तू एकटी आहेस का?"

"नाई वं, बँडबाजा हाय सोबत." मग म्हणाली, "रविवारी येजो. आता माह्याजोळ कबूल कराले हाय काहीतरी."

मी सकाळच्या गाडीनं गेले. बडनेरा, मूर्तिजापूर, खिडकीतून दोन्हीकडं कपाशीची हिरवी पऱ्हाटी, आणि मी मनात एकच वाक्य जुळवत होते. पत्रकं लिहिणाऱ्या बाईला तीन शब्दांचं वाक्य जुळवायला अकोल्यापर्यंतचा प्रवास लागला.

शिस्तीखालच्या माणसाला साक्ष देता येत नाही, पण आत्या उठली आणि कोणी अडवायच्या आत म्हणाली, "मी पोळ्याच्या दिवशी पिली. मले क्षमा करा."

मी पाहिलं, लोकांचे चेहरे खुलले. खरंच खुलले. कोणीतरी मागून देवाची स्तुती म्हणालं. सेक्रेटरी पुढं आले, त्यांनी तिचा हात धरला, त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते पाणी खोटं नव्हतं. त्यांना हरवलेलं मेंढरू सापडलं होतं. शिवाय ते बरोबर ठरले होते. या दोन आनंदांत फरक करणं माणसाला अवघड जातं.

"आणि गुरुवारचं?" त्यांनी हळूच विचारलं. "तेही सांगून टाका बाई. सगळंच मोकळं होऊ द्या."

"गुरुवारी पिली नोती."

"अर्ध्या कबुलीला अर्थ नसतो."

तेव्हा मी उठले. म्हणाले, गुरुवारचा रस आंबलेला होता. मीही प्यायले. मला तेव्हाच कळलं होतं. तिनं वासावरून ओळखलं आणि स्वतःला सांभाळलं. वेदीमागच्या खोलीत मी बोलायला हवं होतं, बोलले नाही. तुमच्यापैकी जे प्यायले त्यांच्याही जिभेला ते कळलं असणार.

दीडशे माणसं गीतपुस्तकात काहीतरी शोधू लागली. सेक्रेटरी मला म्हणाले, "बेटा, आत्यावर तुझं प्रेम आहे, आम्हाला समजतं." पाळकसाहेबांनी आशीर्वाद देऊन उपासना संपवली, नेहमीपेक्षा लवकर.

बाहेर कडुनिंबाखाली सेक्रेटरींची सून माझ्याजवळ आली. इकडंतिकडं पाहून म्हणाली, "ताई, मले माईत होतं. फेस आलता. मी चमच्यानं काढून टाकला. गॅस संपला होता अन् मामंजी घाई करून राहिले होते. तुमी माह्यं नाव नोका घेऊ."

"मी घेतलं नाही."

"पुढंबी नोका घेऊ."

ती गेली, चप्पल घालता घालता पडता पडता वाचली. मी आत्याला सांगितलं. आत्या म्हणाली, "मले काय सांगते? तिच्या पदराले वास येत होता त्या दिवशी. जाऊ दे. तिले मी तवाच क्षमा केली."

"आणि मला?"

"तुलेबी तवाच. पुलावर."

मला वाटलं होतं क्षमा मिळाली की सुटका मिळते. मिळाली नाही. मी अजून त्या खोलीत उभी असते, सेक्रेटरी माझं मत विचारतात, आणि मी तेच वाक्य बोलते. नांदगाव पेठला माईक हातात घेतला की बोलते, भाजी घेताना बोलते. आत्याला दारूची आहे तशी मला त्या वाक्याची लागण आहे, आणि ती केव्हा जाईल ते मला ठाऊक नाही. छापलेलं वाक्य मी सगळ्या पत्रकांवरून काढून टाकलं. आमच्या प्रमुखांनी विचारलं, चांगलं चाललं होतं की. मी म्हटलं, खोटं आहे. त्यांना ते पटलं नाही. तेव्हापासून चौकसभेत ते मला शेवटी बोलायला उभं करतात, जेव्हा माणसं उठून चाललेली असतात.

वडिलांच्या बैठकीत माझं म्हणणं नोंदवलं गेलं की नाही, ते कळलं नाही. निरोप एवढाच आला की बाईंनी मंडळीत पुन्हा घेतलं जावं असा लेखी अर्ज करावा, दोन्ही दिवसांचा उल्लेख करून. आत्या अर्ज करणार नाही. तिनं पोळ्यानंतर दारू घेतलेली नाही. पण उद्या घेणार नाही, असं ती कोणाला लिहूनही देत नाही. म्हणते, "उद्याचं मी देवाले नाई सांगू शकत, सेक्रेटरीले कोठून सांगू?" रविवारी सकाळी ती आंघोळ करते, पांढरी साडी नेसते आणि शेवटच्या बाकावर जायच्या ऐवजी दार उघडं ठेवून बाहेरच्या खोलीत बसते. पाय सुजतात, तरी बसते. बारा वाजेपर्यंत. या वर्षीचा गुरुवारही तसाच गेला. मी सोबत होते. आम्ही दोघींनी वाट पाहिली आणि कोणाची वाट पाहतोय ते एकमेकींना सांगितलं नाही. कोणी आलं नाही. मग तिनं पोळ्या केल्या.

तिला पाप करण्याचं स्वातंत्र्य नको आहे. तिला माफीपत्रही नको आहे. बांधलेली असताना, रोज थोडी थोडी सुटत असताना, सगळ्यांच्या मध्ये बसायला तिला जागा हवी आहे. ज्या मेजावर येशूनं स्वतःला धरून देणाऱ्या शिष्यालाही उठवून लावलं नाही, त्या मेजावर ती जागा मागते आहे. हे जास्त मागणं आहे, असं मला कोणी शास्त्र उघडून दाखवावं.

आता तुम्ही. हे वाचणाऱ्यांपैकी काही जण त्या संध्याकाळी आमच्या बाकांवर होतात, बाकीच्यांच्या मंडळीत शेवटच्या बाकावर दुसरं कोणीतरी आहे, किंवा होतं आणि आता येत नाही. पुढच्या प्रभुभोजनाआधी त्या माणसाच्या घरी जा. कबुली मागू नका, अर्ज मागू नका. त्या दिवशी काय झालं ते विचारा आणि सांगेल ते खरं धरा. मग त्याला सोबत घेऊन या, तुमच्या शेजारी बसवा, आणि वडिलांनी ताट अडवलं तर उभं राहून, सगळ्यांसमोर, कशासाठी अडवलं ते त्यांना विचारा.